एका घरात एक अक्षर: जुन्या बैठ्या खेळांवर मराठी कोडं कसं रचावं

प्रश्न असा आहे: गावातल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी बुद्धिबळ, सापशिडी, ल्युडो, सारीपाट अशा जुन्या बैठ्या खेळांवर एक शब्दकोडं आणि वीसेक प्रश्नांची प्रश्नमंजुषा हवी आहे. इंग्रजीतली तयार कोडी भाषांतर करून पाहिली, पण शब्द चौकटीत बसत नाहीत आणि प्रश्न परके वाटतात. मग करायचं काय?

मी गेली सव्वीस वर्षं साप्ताहिक पुरवण्या आणि दिवाळी अंकांसाठी शब्दकोडी रचते आहे, त्यातली बरीच खेळांवरची आहेत. तुमची अडचण कुठे आहे ते मला लगेच कळलं, कारण माझी पहिली दोन वर्षं याच अडचणीत गेली. भाषांतर बाजूला ठेवा. मराठीत कोडं रचायचं तर सुरुवात अक्षरापासून करावी लागते.

इंग्रजी शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये ते छापलं, तेव्हा त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. त्या कोड्यात एका चौकोनात एक सुटं वर्ण बसतं, व्यंजन वेगळं आणि स्वर वेगळा. आपल्याकडे एका घरात पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून 'वजीर'ला तीन घरं लागतात आणि 'प्यादे'ला दोनच. आता गंमत बघा. 'वजीर'च्या शेवटी 'र' आहे आणि 'राजा'च्या सुरुवातीला 'रा'. इंग्रजीच्या सवयीने हे दोन शब्द एकमेकांना छेदायला हवेत, मराठीत ते छेदत नाहीत. 'र' वेगळा, 'रा' वेगळा. काही कोडीकार ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेतात, 'जि' आणि 'जी' एकाच घरात चालवून घेतात. मी घेत नाही. सोडवणारा शाळकरी मुलगा असेल तर त्याच्या नजरेत चुकीचं रूप पक्कं बसतं, आणि वाचनालयाच्या कार्यक्रमात तर ते अजिबात व्हायला नको.

हा नियम अडचणीचा वाटतो, पण बैठ्या खेळांशी त्याचं नातं फार जुनं आहे, आणि तेच तुमच्या कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण होऊ शकतं. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकार' या ग्रंथात एक श्लोक दिला आहे, 'सेना लीलीलीना नाली' असा सुरू होणारा. चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. म्हणजे अर्धा बुद्धिबळाचा पट, बत्तीस घरं, एका घरात एक अक्षर. हा श्लोक सरळ वाचा, किंवा पहिल्या घरापासून घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने प्रत्येक घराला एकदाच भेट देत वाचा, दोन्ही वेळा तोच श्लोक मिळतो. याला तुरगपदबंध म्हणतात. पुढे दक्षिणेतले वैष्णव आचार्य वेदान्त देशिक यांनी 'पादुकासहस्रा'त याच्याही पुढची पायरी गाठली: एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की त्याच्या पुढचा वेगळा, अर्थपूर्ण श्लोक तयार होतो. शब्दकोडं आणि पट यांची सांगड हजार वर्षांपूर्वी घातली गेली होती, आणि ती अक्षर हेच एकक धरून घातली होती.

याला आपल्या मातीचाही धागा आहे. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या नीतिविषयक भागात बुद्धिबळाचं वर्णन आहे आणि घोड्याच्या पटभर फिरण्याच्या फेऱ्याही दिल्या आहेत. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले.

मुलांसमोर रुद्रटाचा श्लोक ठेवू नका, ती घाबरतील. त्याच तत्त्वावर छोटं कोडं करा. नऊ घरांचा चौकोन घ्या, मधलं घर काळं. घोडा मधल्या घरात कधीच पोहोचू शकत नाही, पण कडेच्या आठही घरांना तो एका फेरीत भेट देतो. म्हणून आठ अक्षरांचं वाक्य हवं, आणि अक्षरं एकदाच येणारी असतील तर उत्तम. मी गेल्या वर्षी एका शाळेसाठी केलेलं हे कोडं तुम्ही खुशाल वापरा:

फा  प  उ
ल  ■  ले
ड  से  टे

'फा'पासून निघा, घोड्याच्या चालीने आठ घरं फिरा, वाक्य तयार करा. 'फा'वरून घोडा दोनच ठिकाणी जाऊ शकतो, 'से' किंवा 'ले'. 'फाले' असा शब्द नाही, 'फासे' आहे. वाट तिथून आपोआप उलगडत जाते. ज्यांना बुद्धिबळ येत नाही अशी मुलं घोड्याची चाल या कोड्यातून शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उत्तर शेवटी देते.

आता मुख्य शब्दकोडं. मराठी शब्द घरांच्या हिशेबात आखूड असतात, दोन ते चार घरांचे, क्वचित पाच. त्यामुळे पंधरा बाय पंधराची इंग्रजी चौकट घेतली तर ती भरता भरत नाही. मुलांसाठी सात बाय सात, मोठ्यांसाठी नऊ बाय नऊ पुरते. आधी लांब शब्द मांडा. या विषयात ते भरपूर आहेत: सारीपाट, मोक्षपट (सापशिडीचं जुनं रूप), बुद्धिबळ, सापशिडी, चतुरंग (बुद्धिबळाचं जुनं रूप) हे चार घरांचे, नवकंकरी (खड्यांनी खेळायचा पटखेळ) पाच घरांचा. एक सांगाडा देते. पाचव्या ओळीत पहिल्या घरापासून आडवा 'सारीपाट' लिहा. दुसऱ्या स्तंभात उभा 'नवकंकरी', त्याची शेवटची 'री' आणि सारीपाटाची 'री' एकच. चौथ्या स्तंभात उभा 'मोक्षपट', त्याचा 'ट' सारीपाटाच्या 'ट'वर येतो. नवकंकरीच्या दुसऱ्या घरातला 'व' वापरून डावीकडून आडवा 'डाव' बसतो. चार शब्द पक्के झाले, आता बाकीची चौकट उजवीकडे आणि खाली वाढवत न्या.

काही अक्षरांचा स्वभाव लक्षात ठेवा. 'ळ' आणि 'ण' यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ज्या घरापासून नवा शब्द निघणार आहे तिथे ती येता कामा नयेत. 'बुद्धिबळ' आडवा घेतला तर 'ळ'वर उभा 'खेळ' संपवता येतो. 'हत्ती' हा शब्द 'त्ती'मुळे अडतो, पण 'ह'वर 'शह' छान बसतो. 'घोडा'च्या 'डा'वरून 'डाव' निघतो, 'डाव'च्या 'व'वरून 'वजीर' किंवा मध्ये 'व' असलेली 'कवडी'. ही साखळी हाताशी असली की चौकट पटकन उभी राहते. 'प्यादे' मात्र मी नेहमी कडेला ठेवते, 'प्या'ला 'प्याला' सोडून फारसा सोबती मिळत नाही.

सूचक वाक्यं हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. कोशातला अर्थ लिहून मोकळं होऊ नका. आपल्या भाषेत पटावरचे शब्द रोजच्या बोलण्यात इतके मिसळलेले आहेत की एकेका शब्दाला दोन-दोन आयुष्यं आहेत. त्या दोन अर्थांच्या मधली फट शोधायची. माझ्या वहीतली काही देते:

शाळेत मुलांचा, खेळात सोंगट्यांचा (२): पट.
दिलं तर पुण्य, पडलं तर नशीब (२): दान.
वाळवंटात सरळ, पटावर तिरका (२): उंट.
आजारावर करायची, राजावर व्हायची (२): मात.
दह्याला लागली तर घट्टपणा, हातातून सुटली तर दान (३): कवडी.
आधी नाटक, मग 'टी', मग पटभर फिरती (३): सोंगटी.
उलटा वाचला तर तळून खावा (२): डाव.

शेवटचं बघा, 'डाव' अक्षराअक्षराने उलटा केला की 'वडा' होतो. 'मात' उलटी केली की 'तमा'. 'ती होडी जाडी होती' हे वाक्य दोन्हीकडून सारखं वाचता येतं तेही अक्षर हे एकक धरल्यामुळेच. अक्षरांच्या अदलाबदलीची कोडी हवी असतील तर अशा जोड्या जमवत जा, महिन्याभरात वही भरते.

शब्दांच्या दुहेरी अर्थाचा हा खेळही बुद्धिबळाइतकाच जुना आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त हर्षाच्या राज्याचं वर्णन करताना लिहिलं, 'अष्टापदानां चतुरङ्गकल्पना'. हर्षाच्या राज्यात कुणाचे हातपाय तोडले जात नाहीत, चार अंगांची ती 'कल्पना' फक्त अष्टापदावर, म्हणजे आठ बाय आठच्या पटावर होते, तीही चतुरंग सेनेच्या मांडणीची. 'कल्पना' म्हणजे कापणं आणि मांडणं, दोन्ही. बुद्धिबळाच्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांत या ओळीची गणना होते, आणि ती ओळ म्हणजे एक श्लेष आहे. मला ती वाचताना दर वेळी आनंद होतो. मोठ्यांच्या प्रश्नमंजुषेत ती जरूर घ्या.

प्रश्नमंजुषेकडे वळू. चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी एकच आहे: उत्तर माहीत नसलेल्या माणसालाही विचार करून त्याच्या जवळ जाता आलं पाहिजे. 'अमुक खेळाचं पेटंट कोणत्या वर्षी?' या प्रश्नात विचाराला जागा नाही. त्याऐवजी असं विचारा: 'एका इंग्रजी रहस्यखेळाचं नाव "क्लू" आणि आपल्या घरोघरी असलेल्या एका खेळाचं नाव जोडून बनलं आहे. तो खेळ कोणता?' क्लू अधिक ल्युडो, क्लूडो. हा खेळ अँथनी प्रॅट या इंग्रज माणसाचा, १९४९ मध्ये बाजारात आला. पाठोपाठ विचारा की 'ल्युडो'चा अर्थ काय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी खेळतो'. आणि ल्युडो ही आपल्या पचिसीचीच इंग्रजी धाकटी बहीण, १८९६ च्या सुमारास इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या जाऊन फासा आला, पट लहान झाला, पण फुलीच्या आकाराच्या चार भुजा आणि मधलं घर तसंच राहिलं. पचिसी हे नाव कशावरून, हाही विचार करून सुटणारा प्रश्न आहे: कवड्यांच्या पंचवीस या मोठ्या दानावरून. सारीपाटातलंच 'पौबारा' हे दान. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे चांदी होणं, आणि मराठीत 'पोबारा करणे' म्हणजे पळ काढणं. एकाच दानाची दोन भाषांत दोन वेगळी नशिबं निघाली.

सोंगट्यांच्या नावांवर एक पूर्ण फेरी होऊ शकते. आपला उंट इंग्रजीत बिशप, फ्रेंचमध्ये विदूषक, जर्मनमध्ये धावणारा, रशियनमध्ये हत्ती. स्पॅनिशमध्ये त्याला 'अल्फिल' म्हणतात, तो अरबी 'अल्-फील', म्हणजे पुन्हा हत्तीच. मुळात हत्ती कोपऱ्यात नव्हताच, कोपऱ्यात रथ होता. आपल्याकडे पुढे रथाच्या जागी हत्ती आला आणि हत्तीच्या जागी उंट. बंगालीत कोपऱ्यातल्या मोहऱ्याला नौका म्हणतात. 'शह' आणि 'मात' हे दोन्ही फारसीतून आलेले, 'शाह' म्हणजे राजा. इंग्रजीतला 'चेकमेट' याच 'शाह मात'चा नातू. मुलांना हे सांगितलं की मराठी आणि इंग्रजी शब्द एकाच घरातले निघाल्याचं त्यांना फार नवल वाटतं.

आकड्यांचे प्रश्न थोडे घ्या, पण कागद-पेन्सिल घेऊन सुटणारे. बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती? बहुतेकजण चौसष्ट म्हणतील. लहान-मोठे सगळे मोजले तर २०४, एकपासून आठपर्यंतच्या वर्गांची बेरीज. एकमेकांना मारणार नाहीत असे आठ वजीर पटावर मांडायचे किती मार्ग? ९२. हा प्रश्न १८४८ मध्ये माक्स बेझेल याने मांडला. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवू नका.

आता एक कळकळीची सूचना. छापण्याआधी प्रत्येक उत्तर तपासा, आणि जिथे उत्तर वादाचं आहे तिथे प्रश्नच बदला. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात 'सापशिडीचा शोध कुणी लावला?' असा प्रश्न दिला आणि उत्तर छापलं 'संत ज्ञानेश्वर'. एका ज्येष्ठ वाचकांनी दोन पानी पत्र पाठवून पुरावा मागितला. मी शोधत बसले आणि हाती काही लागलं नाही. ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा, आणि आज आपल्याला बघायला मिळणारे मोक्षपटाचे आणि ज्ञानचौपडाचे (त्याच खेळाचं उत्तरेकडचं रूप) जुने पट त्यानंतर कित्येक शतकांनी केलेले आहेत. मोक्षपटाशी ज्ञानेश्वरांचं नाव परंपरेने जोडलं जातं, हे खरं आणि सांगण्यासारखंही आहे, पण शोध लावल्याचं विधान त्यावर उभं राहत नाही. तेव्हापासून मी असं विचारते: 'शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचं घर म्हणजे मुक्ती, अशी शिकवण देणाऱ्या जुन्या भारतीय खेळाचं मराठी नाव काय?' उत्तर नावातच दडलेलं आहे, आणि ते निर्विवाद आहे. इंग्लंडात हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला, आणि पुढे त्यातला मोक्ष गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या.

मोनोपॉलीचंही तसंच, आपल्याकडे जो 'व्यापार' म्हणून घरोघरी खेळला गेला. अनेक जुन्या पुस्तकांत त्याचं श्रेय एकट्या चार्ल्स डॅरो यांना दिलेलं आढळतं, कारण १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी तो त्यांच्याकडून घेतला. पण एलिझाबेथ मॅगी या बाईंना 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचं पेटंट १९०४ मध्येच मिळालं होतं, आणि मोनोपॉली त्यातूनच वाढला. मक्तेदारीने माणसं कशी नागवली जातात हे दाखवायला त्यांनी तो रचला होता. हा प्रश्न आवर्जून घ्या, त्या बाईंचं नाव मुलांच्या कानावर पडायला हवं.

स्क्रॅबल तर तुमच्या विषयाच्या मधोमध बसतो, शब्दकोडं आणि पट दोन्ही त्यात आहेत. आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराने मंदीच्या काळात वृत्तपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून कोणतं किती वेळा येतं ते ठरवलं, आणि त्यावरून गुण दिले. पंधरा बाय पंधरा, २२५ घरं, शंभर सोंगट्या, त्यातल्या दोन कोऱ्या. मराठीत तो जसाच्या तसा का येत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. एकट्या 'क'च्याच बाराखडीला बारा सोंगट्या लागतील, आणि जोडाक्षरं त्याहून वेगळी.

विक्रमांचे प्रश्न घेताना त्यात तारीख घाला. 'सर्वांत तरुण विश्वविजेता कोण?' याचं उत्तर डिसेंबर २०२४ पर्यंत गॅरी कास्पारॉव्ह होतं, नंतर अठरा वर्षांचा गुकेश झाला. महाराष्ट्राचे प्रश्न ठेवायचे तर राष्ट्रीय महिला बुद्धिबळाच्या पहिल्या दशकात सगळी विजेतेपदं मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर भगिनींनी मिळवली, तिथून सुरुवात करा आणि २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेल्या नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत या. वेरूळ जवळ असेल तर तिथल्या लेण्यांतलं शिव-पार्वतीच्या अक्षक्रीडेचं, म्हणजे फाशांच्या खेळाचं शिल्प, आणि गावातल्या जुन्या देवळाच्या फरशीवर नवकंकरीचा पट कोरलेला असेल तर त्याचा फोटो, हे दोन चित्रप्रश्न करा. नवकंकरीत तीन चौकोन एकात एक, चोवीस जागा, प्रत्येकाकडे नऊ खडे. नव अधिक कंकरी, नावातच नियम आहे.

सगळं झालं की कोडं अशा कुणाला तरी सोडवायला द्या ज्याने ते रचताना पाहिलेलं नाही, शक्यतो एक आजी आणि एक सातवीतलं मूल. आजींना 'दान' लगेच सुटेल, मुलाला 'क्लूडो'. दोघंही एकाच ठिकाणी अडले तर सूचक वाक्य बदला. आणि उत्तरं त्याच पानावर उलटी छापू नका, दुसऱ्या दिवशी फलकावर लावा. लोक पुन्हा वाचनालयात येतील.

घोड्याच्या कोड्याचं उत्तर: पहिल्या ओळीतल्या 'फा'वरून तिसऱ्या ओळीच्या मधल्या 'से'वर, तिथून वरच्या उजव्या कोपऱ्यातला 'उ', मग 'ल', 'टे', 'प', 'ड' आणि शेवटी 'ले'. फासे उलटे पडले.